अकराव्या पर्वाचे गुणदोष

टीकाकारानं बेल वाजवली, थोडी वाट पाहिली आणि पुन्हा वाजवायला हात पुढे केला, तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून आणखी एक हात आला आणि त्यानंच बेल दाबली. हात एका बाईंचा होता. त्या नुकत्याच जिना चढून आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती.

"त्यांना दार उघडायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "एकदा वाजवून भागत नाही."

"तुम्ही शेजारच्या का?"

बाईंनी या प्रश्नावर विचार केला. आपण शेजारच्या आहोत की नाही हे ठरवायला एवढा वेळ घेणारी बाई टीकाकारानं आजवर पाहिली नव्हती.

"तू दादाच्या ऑफिसातला ना? ज्याला टीकाकार म्हणतात तो?" त्या शेवटी म्हणाल्या. "मी दादाची बहीण."

म्हणजे या ताई. म्हणजे हे घर ताईंचंच. आणि ताई स्वतःच्या घराची बेल वाजवून, केस सारखे करून, पर्स दोन्ही हातांत धरून, दुसऱ्यांकडे आल्यासारख्या उभ्या होत्या. किल्ली विसरल्या असतील, असं टीकाकारानं मनाशी म्हटलं. त्या दिवसातला हा त्याचा पहिला खुलासा. पुढे त्याला असे बरेच करावे लागले आणि त्यातला एकही टिकला नाही.

दार भावोजींनी, ताईंच्या नवऱ्यानं, उघडलं. सुट्टीच्या दिवशी, घरातल्या घरात, त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"या," ते म्हणाले. मग ताईंकडे बघून म्हणाले, "या. म्हणजे, ये. ये ना."

टीकाकार आत शिरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते, पण ते जिन्यामुळे. भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे आणि चौथ्या मजल्यावर राहायचे, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. 'भांड्याला भांडं' या मालिकेतला हा सगळ्यात जुना विनोद. टीकाकार लहानपणापासून त्यावर हसत आला होता. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभं असताना त्याला पहिल्यांदा वाटलं, की हा विनोद नसावा.

टीकाकार शाळेत जायला लागला तेव्हा ही मालिका सुरू झाली; शाळा, कॉलेज आणि बऱ्यापैकी लांबलेली बेकारी उरकून तो तिच्यातच नोकरीला लागला, तरी ती चालू होती. मालिकेत एक नवरा आणि एक बायको. त्यांना नावं नव्हती. ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं' म्हणायचा, आणि अकरा पर्वं प्रेक्षकांनाही तेवढं पुरलं. ती दोघं भांडत. बाकी काही होत नसे.

भांडणं यायची कुठून, हे आख्ख्या लेखक-खोलीला ठाऊक होतं. दादा हा मुख्य लेखक. अहो आणि अगं म्हणजे त्याचे भावोजी आणि त्याची ताई. दर मंगळवारी सकाळी दादा ताईच्या घरी फोन लावायचा, इकडे टेबलावर स्पीकर चालू करायचा, तिकडे ते फोन फ्रिजवर ठेवून द्यायचे आणि आपापलं भांडायला मोकळे व्हायचे. यात चोरीछुपी नव्हती. लिफ्टवाल्याकडे जसं अवजार असतं तसं दादाकडे हे होतं. पूर्वी तो स्वतः तिथे जाऊन बसायचा, पण सातव्या पर्वापासून त्यानं त्या घरात पाऊल टाकणं सोडलं होतं. मी गेलो की दोघं शहाण्यासारखी वागतात, तो सांगायचा, आणि शहाणपणावर मालिका चालत नाही.

टीकाकाराला नोकरी लागली ती त्याच्या जिभेमुळे. तो प्रत्येक पर्वावर इंटरनेटवर लांबलचक लिहायचा. 'नवव्या पर्वाचे गुणदोष', 'दहाव्या पर्वाचे गुणदोष'. गुणांना एक परिच्छेद आणि दोषांना उरलेला रविवार. अकराव्यावरचं वाचून दादानं त्याला बोलावून घेतलं. एवढं बारीक बघणारा माणूस मोकळा फिरणं बरं नाही, असं दादाचं म्हणणं पडलं. तेव्हापासून सगळे त्याला टीकाकार म्हणायला लागले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आणि आता चॅनेलवाल्यांनी निरोप धाडला होता. अकरावं पर्व शिळं झालंय. या मंगळवारी काही नवीन निघालं तर बारावं पर्व. नाहीतर गाशा गुंडाळा.

"तू जा तिकडे," दादा म्हणाला होता. "काडी टाक आणि बाजूला हो. पुढचं आम्ही फोनवर ऐकतो."

"मी आजवर कुणाच्या घरात काडी टाकलेली नाही, दादा."

"आमच्या घरात इतकी वर्षं गुणदोष लिहून कोण टाकत होतं मग? तेसुद्धा फुकट."

म्हणून टीकाकार आज या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसला होता. भावोजी चहाचं आधण ठेवत होते. ताई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तशा.

"गाळणी देऊ का?" ताईंनी विचारलं आणि उठून उजवीकडचा खण उघडला. खणात बॅटऱ्या आणि दोरा होता.

"डावीकडे," भावोजी म्हणाले.

"पूर्वी इकडे होती."

"पूर्वी होती," भावोजींनी कबूल केलं.

टीकाकारानं कान टवकारले. मालिकेत एवढ्यावर अर्धा भाग निघाला असता. इथे ताईंनी डावीकडचा खण उघडला, गाळणी काढली, पुसली आणि ओट्यावर ठेवली. काडी टाकायची हीच वेळ, असं त्याला वाटलं.

"भावोजी, ताई म्हणत होत्या, तुम्हाला दार उघडायला फार वेळ लागतो."

"लागतो," भावोजी म्हणाले.

काडी विझली. त्यानं दुसरी काढली.

"ताई, भावोजी तुमच्याबद्दल," तो म्हणाला आणि त्याला पुढचं सुचेना. "बोलत होते."

"काय?"

"चांगलंच."

"बरं," ताई म्हणाल्या.

एवढ्या समजूतदार माणसांपुढे टीकाकार घाबरला. त्यानं हात धुवायचं निमित्त काढलं. न्हाणीघरात एक टॉवेल होता, एक साबण, पेल्यात एक ब्रश. त्यानं दाराच्या मागे बघितलं. दाराच्या मागे भावोजींच्या कामाचे कपडे होते आणि बाकी भिंत होती. नळ चालू ठेवून त्यानं परिस्थितीचा नीट विचार केला. शक्यता एक: ताईंची स्मृती गेली आहे आणि भावोजी ती टप्प्याटप्प्यानं परत आणताहेत; आज गाळणीचा दिवस. शक्यता दोन: या ताई नव्हेत, खऱ्या ताई कंटाळून कुठेतरी गेल्यात आणि भावोजींनी मंगळवारपुरती दुसरी बाई बोलावली आहे. शक्यता तीन: ही दोघंही पाहुणी आहेत आणि घरमालक आतल्या खोलीत बांधून ठेवलेत. तिसरीची शहानिशा करणं सोपं होतं, म्हणून त्यानं जाता जाता आतल्या खोलीत डोकावून पाहिलं.

घरमालक नव्हते. टीव्ही होता, आणि त्यावरचं चित्र मध्येच थांबवून ठेवलं होतं. अहो शिडीवर अर्धा चढलेला, तोंड उघडं. तिसरं पर्व. टाकीचा भाग.

स्वयंपाकघरातून आवाज येत होते. नळ चालू असला की बाहेरचं बोलणं आत ऐकू येत नाही, असा त्या दोघांचा समज असावा.

"मागच्या वेळी कुठलं केलं आपण?" ताई विचारत होत्या.

"छत्रीचं."

"ते पाचव्यातलं."

"हो. म्हणून आज मागचं काढलं, टाकीचं. काल रात्रभर घोटलंय मी."

"टाकीत मला फार बोलायचंय हो. आता नाही राहत लक्षात."

"मी आहे ना. अडलीस की मी खोकतो. मी खोकलो की तुला सुचतं."

टीकाकारानं परत जाऊन नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं आणि दुसरं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्ही इथे राहत नाही," तो म्हणाला. कथानकात भोक सापडलं की तो याच आवाजात सांगायचा.

भावोजींनी गॅस बारीक केला. ताईंनी भावोजींकडे पाहिलं. सांगायचं काम कुणाचं, यावर त्यांचं डोळ्यांनीच काहीतरी ठरलं.

"सातव्या पर्वात गेले मी," ताई म्हणाल्या. "तो लग्नाच्या वाढदिवसाचा भाग आठवतो का? त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

"केक पडतो तो?"

"केक पडला नव्हता," भावोजी म्हणाले.

मग काय झालं होतं, हे टीकाकारानं विचारलं नाही. आपण काही विचारायचं टाळलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत असल्याचं मात्र त्याच्या लक्षात आलं.

"आणि मंगळवार?"

"सामान न्यायला आले होते, तो नेमका मंगळवार निघाला. फोन वाजला. दादा म्हणाला, करा सुरू. आम्ही केलं."

"सवयीनं," भावोजी म्हणाले.

"मग पुढच्या मंगळवारी उरलेलं सामान न्यायला आले."

"अजून थोडं राहिलंय," भावोजी जरा घाईनं म्हणाले.

"दादांना कळलं नाही?"

"कळवणार होतो. पण त्याच्या मालिकेवर इतकी माणसं पोटं भरतात. आपलं मोडलं म्हणून दुसऱ्याची चूल का विझवायची, असं हे म्हणाले."

"मी नाही म्हणालो. तू म्हणालीस."

"मी? मला चांगलं आठवतंय, तुम्ही इथे उभे होतात."

दोघांनी टीकाकाराकडे पाहिलं.

"ते अगं म्हणते," टीकाकार म्हणाला. "आठव्या पर्वात. खालचा दुकानदार दुकान विकायला काढतो तेव्हा."

"बघ," भावोजी म्हणाले. पण नक्की कोण खरं ठरलं, हे तिघांनाही सांगता आलं नसतं.

टीकाकार स्टुलावर बसला. ही दोघं आठवडाभर जुनी पर्वं बघत होती आणि मंगळवारी ती भांडणं फोनवर करत होती. दादा ती ऐकून नवी पर्वं लिहीत होता. आणि ही दोघं पुन्हा तीच बघत होती. साप आपलीच शेपूट गिळत बसला होता आणि टीकाकार त्यावर रविवारच्या रविवार लिहीत होता, की सापाची चव हल्ली पूर्वीसारखी राहिली नाही.

"तुझे ते गुणदोष वाचलेत मी," भावोजी म्हणाले. "मोठा फॉन्ट करून. तू लिहिलंयस, सातव्या पर्वापासून दर भागाच्या सुरुवातीला दाराची बेल वाजते आणि अगं घरात येते. ती रोज जाते कुठे, हे लेखकांनाही माहीत नसावं."

"लिहिलंय खरं."

"बस उशिरा येते रे," ताई म्हणाल्या. "मी येईपर्यंत दादाचा फोन लागलेला असतो. त्यात ती बेल ऐकू जाते. दोष बसचा आहे."

"आणि अहो आताशा बायकोचं वाक्य पुरं होऊ देतो," भावोजी पुढे म्हणाले. त्यांना सगळं पाठ होतं. "त्यामुळे भांडणाची लय बिघडते."

"ते जरा कडक लिहिलं गेलं."

"नाही, बरोबर आहे तुझं." भावोजी पातेल्याकडे बघत होते. "आठवडाभर या घरात कुणी बोलत नाही. मग कुणी बोलायला लागलं, की मध्ये तोंड घालायला नको वाटतं."

थोडा वेळ चहाच उकळत राहिला.

"आणि गुणांत काय लिहिलंस?" ताईंनी विचारलं.

टीकाकारानं आठवून पाहिलं. "प्रकाशयोजना," तो म्हणाला.

तेवढ्यात फ्रिजवरचा फोन वाजला. भावोजींनी शर्टाची कॉलर सारखी केली, चहा कपांत ओतला, ताईंच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि मग फोनचं बटण दाबलं. ताई उठून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. शाळेच्या गॅदरिंगला पडदा वर जायच्या आधी मुलं उभी राहतात, तशी ती दोघं दिसत होती. फक्त त्यांचे केस पांढरे होते.

"टीकाकार पोचला का?" दादाचा आवाज आला.

"पोचलो."

"काडी?"

"टाकली."

"छान. मग करा सुरू."

"टाकी वाहतेय," ताई म्हणाल्या. आवाज एकदम वर गेला, आणि हा आवाज टीकाकाराच्या ओळखीचा होता, अगंचा. "टाकी वाहतेय, आणि तुम्ही शिडी शोधताय?"

"शिडीशिवाय वर काय उडत जाऊ?"

"शिडी तुमच्या हातात आहे."

"ही आपली नव्हे."

इथे ताई अडल्या. भावोजी खोकले. ताईंना सुचलं नाही. भावोजी पुन्हा खोकले, या वेळी जरा आशयपूर्ण. टीकाकाराला पुढचं वाक्य येत होतं. त्याला ते आठव्या वर्षापासून येत होतं. तो स्टुलावर चढला, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बोट दाखवलं, हातांनी शिडी चढून दाखवली. ताईंनी ते सगळं लक्ष देऊन पाहिलं.

"तुमचे गुडघे," ताई म्हणाल्या.

"थांबा," दादा म्हणाला.

"हे तिसऱ्या पर्वात झालंय," फोनमधून एका बाईंचा आवाज आला. ही संवादवाली, दादानं भांडण ऐकायचं आणि तिनं त्यातले संवाद सरळ करायचे. "गुडघे नव्हते, पण टाकी होती."

"ताई," दादा म्हणाला, "आज जुनं चालायचं नाही. चॅनेलवाले बाहेर माझी वाट बघत बसलेत. त्यांना नवीन काही दिसलं नाही, तर बंद."

"बंद म्हणजे?" भावोजींनी विचारलं.

"बंद म्हणजे बंद, भावोजी. मालिका बंद. मग मंगळवारी फोन करायला मला काही कारण उरणार नाही. एवढंच सांगतो."

टीकाकार अजून स्टुलावरच उभा होता. तिथून त्याला भावोजींच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं, आणि भावोजी ओट्यावरच्या वस्तू एकेक करून बघताहेत हेही दिसत होतं. गाळणी, पातेलं, साखरेचा डबा, फडकं. घरात नवीन भांडण कुठे पडलंय का, म्हणून ते शोधत होते.

"तू," भावोजी म्हणाले आणि थांबले. "तू साखर फार खातेस."

बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला. एवढं मिळमिळीत भांडण अकरा पर्वांत झालं नव्हतं.

"मी साखर सोडलीय," ताई म्हणाल्या.

"कधी?"

"झाली की दोन वर्षं."

"मग मी हा दर..." भावोजींनी फोनकडे बघून शब्द बदलला. "मी दोन चमचे घालतो ना चहात."

"घालता."

"आणि तू पितेस."

"पिते."

"सोडलीयस, तर पितेस कशाला?"

"तुम्ही घालता म्हणून," ताई म्हणाल्या. हा आवाज टीकाकाराच्या ओळखीचा नव्हता.

मग फोनमध्ये संवादवालीनं घसा साफ केला.

"साखर चांगली आहे. पण मला एक पटत नाही," ती म्हणाली. "बायकोनं साखर सोडून दोन वर्षं झाली आणि नवऱ्याला पत्ता नाही? एका घरात राहून? प्रेक्षक विचारणार."

फोनमध्ये दादाची पेन्सिल टेबलावर वाजत राहिली.

"टीकाकार," तो शेवटी म्हणाला, "तुझं काय म्हणणं? दोष आहे का हा?"

टीकाकार स्टुलावरून खाली उतरला. भावोजी त्याच्याकडे बघत होते. ताई चहाच्या कपाकडे बघत होत्या. आयुष्यभर त्याला कुणीतरी हे विचारावं असं वाटत आलं होतं, आणि आता विचारलं होतं, तर त्याला दोन्ही बाजूंनी काही सुचेना. दोष तर होताच. तो त्या खोलीत त्याच्यासमोर उभा होता.

"दोष आहे, दादा," तो म्हणाला. "पण ठेवा."

"कारण?"

"कारण नाही. ठेवा."

"हं," दादा म्हणाला. "टीकाकार म्हणतोय ठेवा. घे गं लिहून. मी चॅनेलवाल्यांशी बोलतो." आणि फोन बंद झाला.

नेहमी यानंतर काय होतं, हे टीकाकाराला माहीत नव्हतं, पण काहीतरी ठरलेलं असावं, कारण ताईंनी पर्स उचलली आणि भावोजी दार उघडायला निघाले. दारापर्यंत जाऊन ते परत आले.

"डॉक्टरनं सांगितलं का सोडायला?"

"मग काय मी हौसेनं सोडली?"

"मला सांगितलं नाहीस."

"कधी सांगू? मी येते तेव्हा तो फोन चालू असतो."

"फोन यायच्या आधी सांगायचं."

"आधी तुम्ही टाकी का छत्री, टाकी का छत्री करत असता. शिडीवरून उतराल तेव्हा माणूस काही सांगेल ना."

"मी आठवडाभर पाठ करतो, तुला अडायला नको म्हणून."

"कुणी सांगितलं होतं पाठ करायला?"

"आणि साखर प्यायला तुला कुणी सांगितलं होतं? दोन वर्षं विष पाजतोय मी तुला."

"आठवड्यातून एकदा चालतं, असं डॉक्टर म्हणाला."

"कोण डॉक्टर? नाव काय त्याचं? मी बोलतो त्याच्याशी."

टीकाकारानं फोनकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला होता. त्यानं जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. फोन बंदच होता, आणि तरी ती दोघं थांबत नव्हती. भावोजी ताईंचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. लय अजिबात बिघडलेली नव्हती. "मी निघतो," असं तो दोनदा म्हणाला, आणि ते दोन्ही वेळा कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यानं बूट हातातच घेतले आणि दार ओढून घेतलं.

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून तो बूट घालत असताना त्याचा मोबाइल वाजला. दादा.

"फोन ठेवल्यावर काही झालं का रे?"

वरून ताईंचा आवाज आला. गुरुवारी माझी तपासणी आहे, यायचं तर या, आणि तिथे डॉक्टरांशी भांडायचं नाही. भावोजी काहीतरी म्हणाले, ते गुरुवारच्या बाजूनं होतं की विरोधात, ते कळलं नाही. अकरा पर्वांत गुरुवारी कधी काही घडलं नव्हतं.

टीकाकारानं मोबाइलवर हात धरला आणि एका पायाचा बूट तिथेच पायरीवर सोडून अर्धा जिना खाली उतरला.

"नाही, दादा," तो म्हणाला. "चहा झाला. बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

दादाच्या बाजूला ऑफिसचा आवाज नव्हता. तो कुठेतरी बाहेर येऊन उभा असावा.

"ताई निघाली का?" दादानं विचारलं.

"नाही, अजून नाही निघाल्या," टीकाकार म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर एका पायात बूट आणि एका पायात मोजा असा जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या मनात एकामागून एक पर्व उलगडत गेलं. सातवं. आठवं. बेल वाजते, अगं आत येते. बेल वाजते, अगं आत येते. दर वेळी लिहिणारा दादाच.

"दादा," तो म्हणाला, "कुठे निघायचंय त्यांना?"

"एरवी या वेळेपर्यंत निघालेली असते," दादा म्हणाला. मग जरा वेळानं, "काय बोलतायत?"

"चॅनेलवाल्यांसाठी?"

"ते मघाशीच नको म्हणाले रे. त्यांना साखर आवडली नाही. मी आपला असाच विचारतोय."

टीकाकारानं वर पाहिलं. आवाज अजून चालू होते. आता बहुधा गाळणीवर आले होते. तो सोडलेल्या बुटापर्यंत परत चढला, तिथून आणखी वर, दारापाशी, आणि काहीही न बोलता मोबाइल दाराच्या फटीशी धरून उभा राहिला.